परिस्थिती समजून घेणं कुठे थांबवायचं?

माळरान | रविवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज धागा काढायचं धाडस करतोय.

मी एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) केलंय. मराठवाड्यातल्या एका तालुक्यात संस्थेमार्फत क्षयरोग कार्यक्रमात काम करतो. मागच्या आढावा बैठकीत एका रुग्णावरून वाजलं. तिशीतला माणूस, बायकोसोबत ऊसतोडीला जातो. गोळ्या गणपतीच्या आधी सुरू झाल्या, पहिले दोन महिने एकही डोस चुकला नाही, वजनही वाढलं. मग टोळीबरोबर पश्चिम महाराष्ट्रात गेला आणि गोळ्या बंद. महिनाभराचा खंड पडला की आमच्याकडे 'लॉस्ट टू फॉलोअप' (पाठपुराव्यातून सुटलेला) असा शिक्का बसतो, तो बसला. मुकादमाच्या फोनवर गाठला तर म्हणाला, "खातो की साहेब, हायेत गोळ्या." गोळ्या संपून पंधरवडा उलटला होता.

बैठकीत कारणाच्या रकान्यात पर्याय होते: पत्ता बदलला, दुष्परिणाम, व्यसन, नकार. मी म्हटलं, यातलं एकही कारण खरं नाही, त्याची परिस्थिती बघायला हवी. साहेब म्हणाले, "तुम्ही सोशल वर्कवाले प्रत्येकाला परिस्थिती चिकटवता. तो दहा जणांना टीबी देईल तेव्हा त्या दहा जणांची परिस्थिती कोण बघणार?"

मला पटकन उत्तर सुचलं नाही, आणि खरं सांगायचं तर प्रश्न चुकीचाही वाटला नाही. कॉलेजात 'व्यक्तीला तिच्या परिस्थितीसह समजून घ्या' हे वाक्य इतक्यांदा लिहिलंय की परीक्षेत झोपेतही लिहिता येईल. प्रत्यक्ष कामात तुम्ही हे कसं करता? आणि कुठे थांबता?

टपरीवाला_पुणे | रविवार, रात्री ११:०५

साहेबांशी १००% सहमत. गोळी फुकट, तपासणी फुकट, वर पोषणाचे पैसे खात्यात. तरी खायची नसेल तर आपण काय करणार? आम्ही टॅक्स भरतो त्यातून चालतं हे सगळं. परिस्थिती सगळ्यांनाच असते हो. मलाही ईएमआय आहे.

निवडुंग | रविवार, रात्री ११:११

टपरीवाले, तुमच्या ईएमआयला सहानुभूती. हप्ता चुकला तर बँक तुम्हाला उसाच्या फडात नेते का?

दप्तर_दिरंगाई | रविवार, रात्री ११:३०

रुमाल टाकून ठेवतो. सकाळी सविस्तर.

शेवंता_आजी | सोमवार, सकाळी ७:५०

माळरान, धागा चांगला काढलास. मी मुंबईतल्या एका सार्वजनिक रुग्णालयात मेडिकल सोशल वर्कर होते, आता निवृत्त. आपल्या देशात हे पद पहिल्यांदा १९४६ साली जे. जे. रुग्णालयात भरलं गेलं. तेव्हापासून प्रत्येक पिढीला डॉक्टरांनी तुझ्या साहेबांचाच प्रश्न विचारलाय, त्यामुळे मनाला लावून घेऊ नकोस.

अमेरिकेतल्या समाजकार्यकर्त्या मेरी रिचमंडचं 'सोशल डायग्नोसिस' हे पुस्तक १९१७ चं. त्यात माणूस, घर, शेजार, मालक, शाळा अशा सगळीकडून पुरावा गोळा करायला सांगितलंय. पुरावा! आमच्यानंतरच्या मुलींनी त्याची करुण कहाणी करून टाकली. केस हिस्टरीत पहिली ओळ काय, तर 'रुग्ण अत्यंत गरीब कुटुंबातील असून'. पुढे काहीच नाही. गरीब म्हणजे नक्की काय? घरात किती खाणारे, भाडं किती, पैसे कोणाच्या हातात येतात, दवाखान्यात यायला कोणाची परवानगी लागते? 'परिस्थिती हलाखीची' असं लिहिणं हा माझ्या मते आळस आहे.

माझी पद्धत साधी होती. 'का नाही घेतलंत औषध' असं कधी विचारायचं नाही, कारण त्या प्रश्नाला माणूस तुम्हाला आवडेल ते उत्तर देतो. कालचा दिवस सांगा म्हणायचं. उठल्यापासून. चहा कुणी केला, किती वाजता निघालात, कोणाबरोबर जेवलात. गोळी त्या दिवसात कुठे बसते आणि कुठे बसत नाही ते आपोआप दिसतं.

दप्तर_दिरंगाई | सोमवार, सकाळी ९:२०

आजी, ओपीडीत दीडशे रुग्ण आणि सोशल वर्कर एक. चहा कुणी केला हे विचारेपर्यंत मागची रांग फाटकाबाहेर जाते. एवढा वेळ असतो कुठे?

शेवंता_आजी | सोमवार, सकाळी ९:४५

दहा मिनिटं लागतात रे. उपदेशाला वीस लागतात, त्याला वेळ बरा मिळतो सगळ्यांना.

कोयत्याचा_लेक | सोमवार, दुपारी १:१५

मी बीड जिल्ह्यातला. आईबाप दोघं ऊसतोड. मी आजीजवळ राहून शिकलो, आता बँकेत आहे. माळरान दादा, तुमच्या पेशंटचा कालचा दिवस मीच सांगतो, विचारायची गरज नाही.

पहाटे तीन-चारला उठायचं. कोपीसमोर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीसमोर, भाकरी थापायची, ती बांधून फडात. उजाडायच्या आत तोडायला सुरुवात. दुपारी मोळ्या बांधून गाडी भरायची, कधी गाडी रात्री येते, मग रात्री भरायची. नवरा-बायको मिळून एक कोयता. एक जण आजारी पडला तर अर्धा कोयता, आणि अर्ध्या कोयत्याला फडात किंमत नाही. दिवस चुकला की खाडा, तो उचलीतून वळता. उचल म्हणजे निघायच्या आधी मुकादमाकडून घेतलेले पैसे. ते घरात पत्रे घालायला नाहीतर बहिणीच्या लग्नात आधीच संपलेले असतात.

आता गोळी. उपाशीपोटी घ्या म्हणतात. पहाटे घेतली की मळमळतं, आणि मळमळणारा माणूस कोयता चालवू शकत नाही. दुसरं म्हणजे लघवी केशरी होते. फडात आडोसा कुठला? शेजारच्यानं बघितलं की संपलं. टोळीला कळलं की पाण्याची घागर वेगळी, आणि मुकादम म्हणणार, उचल परत दे आणि जा गावाकडं. म्हणून गोळ्या लपवायच्या. लपवून लपवून किती दिवस खाणार?

आणि फोन तुम्ही मुकादमाच्या मोबाईलवर केला. मुकादम शेजारी उभा असताना तो काय सांगणार होता तुम्हाला?

निवडुंग | सोमवार, दुपारी १:४०

हा प्रतिसाद त्या बैठकीत वाचून दाखवायला हवा.

टपरीवाला_पुणे | सोमवार, दुपारी २:३०

लेक, हे मला माहीत नव्हतं. केशरी लघवीचं तर अजिबातच नाही. पण माझा मुद्दा तरी राहतोच. बाकीच्यांना लागण झाली तर?

डॉ_स्टेथो | सोमवार, संध्याकाळी ६:२०

टपरीवाल्यांचा मुद्दा योग्य आहे, फक्त तो उलटा धरलाय. परिणामकारक उपचार सुरू झाले की बहुतेकांची संसर्ग पसरवण्याची क्षमता काही आठवड्यांतच खूप कमी होते. या माणसाने दोन महिने नीट औषध घेतलं, म्हणजे टोळीला आज धोका बहुधा थोडा. खरा धोका पुढचा. सहा महिन्यांचा कोर्स अर्धवट सुटला की आजार उलटू शकतो आणि जंतू औषधाला दाद न देणारे होऊ शकतात. तेव्हा इतरांच्या जिवाची काळजी असेल तर याने गोळ्या सलग खाणं हेच महत्त्वाचं, आणि त्याला दरडावून ते होत नाही हे मी वीसेक वर्षं बघतोय.

वैद्यकीय बाजू: या गोळ्या उपाशीपोटी जास्त चांगल्या शोषल्या जातात हे खरं. पण मळमळीमुळे माणूस सोडूनच देत असेल तर हलकं खाऊन, किंवा रात्री झोपण्यापूर्वी दिलेल्या चालतात. हे त्याच्या डॉक्टरशी बोलून ठरवा. खंड पडलाय तेव्हा थुंकी पुन्हा तपासा, औषधरोधाची चाचणीही करा. निक्षय आयडी, म्हणजे रुग्णाचा सरकारी टीबी नोंदणी क्रमांक, देशभर चालतो, त्यामुळे कारखान्याच्या जिल्ह्यात केस वर्ग करून तिथल्या केंद्रातून गोळ्या देता येतात. निघतानाच पुढच्या गोळ्या बरोबर दिल्या असत्या तर निम्मा प्रश्न आला नसता. दसऱ्यानंतर अख्खा तालुका रिकामा होतो ही काही गुप्त माहिती नाही.

बाकी पोषणाच्या पैशांबद्दल. २०१८ ला महिना ५०० रुपये सुरू झाले, नोव्हेंबर २०२४ पासून १००० आहेत. त्याची चेष्टा नको. झारखंडमध्ये रुग्णांच्या घरच्यांना सहा महिने ते वर्षभर जादा शिधा देऊन अभ्यास झाला, निष्कर्ष २०२३ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. घरातल्या इतरांना टीबी होण्याचं प्रमाण जवळजवळ ४० टक्क्यांनी घटलं. आता सांगा, डाळ-तांदूळ हे औषध धरायचं की परिस्थिती?

सातपुडा_एक्सप्रेस | सोमवार, रात्री ८:१०

मेळघाटात हेच चित्र, फक्त आजार वेगळा. कुपोषित मूल पोषण पुनर्वसन केंद्रात भरती करायचं, साधारण चौदा दिवस आईने सोबत राहायचं. आई चौथ्या दिवशी मूल घेऊन पळाली की कागदावर 'पालकांचे असहकार्य'. घरी आणखी दोन लेकरं आहेत, सोयाबीन काढणीला आलंय, सासूला दिसत नाही, हे कागदावर येत नाही. बुडित मजुरी म्हणून पैसे मिळतात, पण ते नंतर. भाकरी तर आजच लागते ना?

आमच्या इथे एका परिचारिकाबाईंनी भरतीचा दिवस ठरवताना आधी विचारायला सुरुवात केली, की घरी कोण थांबणार, आणि होळी कधी आहे. इथला कोरकू आदिवासी माणूस कुठेही कामाला गेलेला असो, होळीला गावी येणारच. होळीच्या आठवड्यात भरती केली तर आई थांबणार नाही हे ठरलेलं. भूमकाशी, म्हणजे गावातल्या पारंपरिक वैदूशी, भांडण्यापेक्षा त्यालाच सोबत दवाखान्यात बोलावलं तर लोक लवकर येतात, हेही हळूहळू सरकारला पटलंय.

खिडकीपाशी | सोमवार, रात्री ९:३०

मी या टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसलेली बाई. नवरा गेल्यावर निराधार योजनेचा अर्ज केला आणि मुलीसाठी बाल संगोपन योजनेचा. तुम्ही सगळे परिस्थिती समजून घेण्याबद्दल इतकं छान बोलताय, म्हणून थोडं तिखट लिहिते.

मला माझी परिस्थिती तलाठ्याला, सेतूत, समितीपुढे आणि घरभेटीला आलेल्या ताईंना सांगावी लागली. प्रत्येक वेळी पहिल्यापासून. घरभेटीच्या ताई स्वभावाने चांगल्या होत्या, पण सगळे प्रश्न ओट्यावर बसून विचारले. शेजारच्या दोघी पोळ्या लाटायच्या थांबवून ऐकत होत्या. नवरा कशाने गेला, सासरचे का ठेवून घेत नाहीत, कुणी येतं-जातं का. दुसऱ्या दिवशी गल्लीला सगळं ठाऊक.

आणि उत्पन्नाचा दाखला. मी अर्ज केला तेव्हा मर्यादा वर्षाला २१,००० होती. म्हणजे महिन्याला १,७५०. एवढ्यात दोन माणसं जगतात असं लिहून द्यायचं, अधिकाऱ्यालाही ठाऊक ते खोटं आहे, मलाही. मग तीच ताई मला म्हणते, "मोकळेपणाने खरं सांगा." खरं सांगितलं तर योजना जाते.

समजून घ्या, जरूर घ्या. पण आधी दार लावून घ्या.

शेवंता_आजी | सोमवार, रात्री १०:००

खिडकीपाशी, तुमचा प्रतिसाद एमएसडब्ल्यूच्या पहिल्या वर्षाला लावायला हवा. गोपनीयतेवर आम्ही दहा मार्कांची टीप लिहून घेतो आणि मुलींना एका खोलीच्या चाळीत घरभेटीला पाठवतो. मी बाईला नळावर किंवा दुकानापर्यंत सोबत चला म्हणायचे. चालता चालता बोलणं होतं, आणि लोकांना वाटतं रस्ता दाखवतेय.

अवांतर: घरभेटीत चहा घ्यावा की नाही, यावर आमच्या डिपार्टमेंटमध्ये पंचवीस वर्षं वाद चालला होता.

दप्तर_दिरंगाई | सोमवार, रात्री १०:०८

घ्यावा! नाही घेतला तर 'आमच्याकडचं चालत नाही वाटतं' असं होतं. जातीचा प्रश्न त्या कपात असतो, प्रशिक्षणात कितीही टाळा.

निवडुंग | सोमवार, रात्री १०:१५

आणि एका दिवसात सात घरभेटी असतील तर? ॲसिडिटी हा सामाजिक कार्यकर्त्यांचा व्यावसायिक आजार म्हणून जाहीर करा.

सातपुडा_एक्सप्रेस | सोमवार, रात्री १०:२१

अर्धा कप. वर्षानुवर्षांचा तोडगा.

उंबरठा_ओलांडू | मंगळवार, सकाळी ११:००

चहावरून मूळ प्रश्नाकडे आणते. 'कुठे थांबायचं' याला अजून कुणी हात घातला नाही.

मी कौटुंबिक हिंसाचाराच्या केसेसमध्ये समुपदेशन करते. मारहाण झालेली बाई तक्रार करते, आठ दिवसांनी परत नवऱ्याकडे जाते. नवीन कार्यकर्त्या वैतागतात, "हिलाच सवय झालीय." मग बसून यादी करायला लावते. रेशनकार्ड कुणाच्या नावावर? मुलांचे दाखले कुठल्या शाळेत? माहेरी भाऊजय काय म्हणते? हातात स्वतःचे किती पैसे? यादी झाली की परत जाणं हा तिचा त्या आठवड्यापुरता हिशेब आहे हे दिसतं. ती पुन्हा येते तेव्हा दार उघडं असावं एवढं आपल्या हातात.

पण हीच पद्धत नवऱ्याला लावा. कंपनी बंद पडली, कर्ज आहे, बाप दारुडा होता, लहानपणी मार खाल्लाय. सगळं खरं असतं. मी ते ऐकते, लिहून घेते, कारण त्यावाचून त्याच्याशी काम करता येत नाही. पण हे ऐकून घेतलं म्हणून माराला सूट मिळाली, असं त्याला क्षणभरही वाटू देत नाही. नोकरी गेलेले सगळे बायकोला मारत नाहीत. आणि हा साहेबाला मारत नाही, घरीच मारतो, म्हणजे हात आवरता येतो त्याला.

तेव्हा माझं उत्तर: समजून घेणं थांबवायचंच नाही, दोघांचंही. थांबवायची ती सवलत. आणि ज्याच्या वागण्याने दुसऱ्याच्या जिवाला धोका आहे, त्याची परिस्थिती समजली तरी आधी त्या दुसऱ्याची सोय.

टपरीवाला_पुणे | मंगळवार, सकाळी ११:२५

ताई, मग माळरानचा पेशंट कुठल्या बाजूला? त्याच्यामुळेही दुसऱ्याला धोका आहेच की.

उंबरठा_ओलांडू | मंगळवार, दुपारी १२:१०

चांगला प्रश्न. तो दोन्ही बाजूंना आहे. फरक असा की मारणाऱ्याला मारून काहीतरी मिळतं. गोळी चुकवून याला काय मिळतंय? याचं हित आणि टोळीचं हित एकच आहे, मध्ये मुकादम, खाडा आणि लाज उभी आहे. तिथे धाक घालून काय साधणार, तो आणखी लपवेल.

लीड्सकर | मंगळवार, दुपारी ४:४०

इंग्लंडहून. इथे मुलांच्या संरक्षणाच्या कामात मूल्यमापनासाठी २००० सालापासून एक त्रिकोण शिकवतात: एका बाजूला मुलाच्या गरजा, दुसऱ्या बाजूला आईबापांची क्षमता, तिसऱ्या बाजूला कुटुंब आणि भोवताल. कागदावर तिन्ही बाजू सारख्या. प्रत्यक्षात आमच्या टीममध्ये पहिल्या दोन बाजूंची पानंच्या पानं भरतात आणि तिसऱ्या बाजूला 'घरात ओल आहे' अशी एक ओळ. कारण ओलीचं घर बदलून देणं माझ्या हातात नसतं, आईला 'पालकत्वाच्या वर्गाला जा' सांगणं असतं. जे आपल्याला बदलता येतं तेवढंच आपल्याला दिसायला लागतं. २०११ मध्ये प्राध्यापक आयलीन मन्रो यांच्या बालसंरक्षणावरच्या अहवालाने इथल्या नियमपालनाच्या अतिरेकावर बोट ठेवलं, तरी फॉर्म काही फारसे कमी झाले नाहीत.

निवडुंग | मंगळवार, दुपारी ४:५५

म्हणजे साहेबांनी सोडलेला रकाना तिथेही रिकामाच. बरं वाटलं हो.

कोयत्याचा_लेक | मंगळवार, संध्याकाळी ७:३०

लीड्सकर, अगदी बरोबर. आमच्या भागातल्या बायांच्या गर्भाशयाच्या ऑपरेशनचं असंच झालं. किती वर्षं सगळे म्हणायचे, बाया अडाणी, डॉक्टर सांगेल ते करतात. २०१९ ला सरकारच्या समितीने बीड जिल्ह्यात सुमारे ८२ हजार ऊसतोड बायांची माहिती घेतली, त्यात १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. पाळीत फडात बसायला जागा नाही, पाणी नाही, दुखलं म्हणून थांबलं तर खाडा. शिवाय भीती घालणारे काही दवाखाने. बाईने 'स्वतःच्या मर्जीने' सही केलेली असते. ती मर्जी कशी तयार झाली हे समजून घ्यायला निदान एक समिती लागली.

माझ्या आईनं नाही केलं ऑपरेशन. का, तर आजीनं मला सांभाळलं म्हणून आई थोडी उसंत घेऊ शकली, असं ती म्हणते. हे कुठल्या रकान्यात बसेल?

माळरान | बुधवार, रात्री ९:५०

सगळ्यांचे आभार, धागा तीनदा वाचला. थोडी खबर.

लेक, तुमचं वाचून दुसऱ्या दिवशी त्या रुग्णाच्या बायकोच्या मोबाईलवर फोन लावला. तिने तुम्ही लिहिलंय त्यातलं जवळजवळ सगळं सांगितलं, आणि एक जास्तीचं: गोळ्या संपल्यावर जवळच्या गावात दवाखाना आहे हे तिला माहीत होतं, पण तिथे जायचं तर दिवस जातो. कारखान्याच्या भागातल्या सुपरवायझरशी बोललो. आठवडी बाजाराच्या दिवशी तो बाजारात गोळ्या देईल, थुंकीची डबीही तिथेच घेईल. गोळी रात्री भाकरीनंतर घ्यायला डॉक्टरांनी होकार दिलाय. नवऱ्याने एकच अट घातली, मुकादमाला कळता कामा नये. मी हो म्हटलं.

साहेबांना उंबरठा ताईंचा मुद्दा सांगितला. पूर्ण पटलं असं नाही म्हणणार. म्हणाले, "ठीक आहे, पण रकान्यात काय लिहू?" शेवटी 'इतर' निवडलं आणि शेऱ्यात 'हंगामी स्थलांतर, औषध वर्ग न केल्याने खंड' असं लिहून घेतलं. म्हणजे निदान चूक आमच्या बाजूला नोंदली गेली, त्याच्या नाही. पुढच्या दसऱ्याआधी गावोगावी निघणाऱ्यांची यादी करायची असंही ठरलंय. होतं का बघू.

टपरीवाला_पुणे | बुधवार, रात्री १०:०५

माळरान, मस्त काम. माझा पहिला प्रतिसाद घाईचा होता हे मान्य, पण टॅक्सचा मुद्दा सोडलेला नाही हं.

डॉ_स्टेथो | बुधवार, रात्री १०:३०

छान. एक राहिलं. कोपीत लहान मुलं आहेत का? बायकोची आणि मुलांची तपासणी झाली का? घरातल्यांना आजार नाही याची खात्री करून प्रतिबंधक औषध देता येतं, पाच वर्षांखालच्यांना तर चुकवूच नका.

माळरान | बुधवार, रात्री १०:४२

एक मुलगी आहे, तीन वर्षांची, सोबतच नेलीय. तपासणी झालेली नाही. उद्या सकाळी लगेच फोन करतो.

कोयत्याचा_लेक | बुधवार, रात्री १०:४८

सकाळी नका करू दादा, फडात असतील, फोन कोपीत नाहीतर मुकादमाकडं चार्जिंगला. रात्री आठनंतर लावा. आणि पोरीला बाजारात आणायला सांगताना 'लस द्यायचीय' म्हणा, टोळीत कुणी काही विचारणार नाही.

डॉ_स्टेथो | बुधवार, रात्री ११:०२

लस म्हणून खोटं नको. 'वजन करायचंय' म्हणा, ते तसंही करायचंच आहे.